घासलेटाचा रकाना

आमच्या घरात रडून काही मिळत नसे, लिहून मिळे. वही संपली, चप्पल तुटली, सहलीला जायचंय, काहीही असो, आबांचं उत्तर ठरलेलं: "कागदावर मांडून आण." मग पाठकोऱ्या कागदावर काय हवं, किती लागेल, कशासाठी लागेल आणि न घेतलं तर काय बिघडेल, अशा चार ओळी लिहून त्यांच्यापुढे ठेवायच्या. शेवटची ओळ सगळ्यात अवघड. माझा धाकटा भाऊ दिलीप याने एकदा क्रिकेटच्या बॅटीसाठी असा कागद केला आणि न घेतल्यास काय बिघडेल यापुढे 'मी बिघडेन' असं लिहिलं. आबा पोट धरून हसले, कागद शेजारीपाजारी दाखवून आले, पण बॅट काही आली नाही.

आबा वरणगावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, वजनाच्या खात्यात. दिवसभर काट्यासमोर उभं राहून मापं बरोबर आहेत की नाहीत ते बघायचं, हे त्यांचं काम. ते काम त्यांच्या अंगात इतकं भिनलं होतं की जेवताना वरणाची वाटी कुणाची भरलेली आणि कुणाची उणी, तेही त्यांना दिसायचं. पगाराच्या दिवशी संध्याकाळी भोंगा झाला की माय आधी सतरंजी झटकून टाकायची. आबा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बसायचे आणि पुढ्यात पाकिटं मांडायचे. जुन्या कॅलेंडरच्या कागदाची, कणकेच्या खळीने चिकटवलेली पाकिटं. त्यांवर माझ्या अक्षरात किराणा, दूध, रेशन, शाळा, औषधपाणी, पाहुणे, विहाराची वर्गणी, आणि शेवटचं सगळ्यात बारकं 'आबा', म्हणजे त्यांच्या पानतंबाखूचं. नोटा वाटून झाल्या की मागच्या महिन्याचा खर्च मी मोठ्याने वाचायचे. पाचवीपासून हे काम माझ्याकडे होतं. आबा डोळे मिटून ऐकायचे आणि एखाद्या रकमेला बोट वर करायचे. बोट वर झालं की त्या रकमेचा खुलासा द्यावा लागायचा. माय तेव्हा पलीकडे चुलीपुढे, आमच्याकडे पाठ करून, भाकरी थापत असायची. तिला अक्षर येत नव्हतं, त्यामुळे हा कार्यक्रम तिच्यासाठी नाहीच, असं मी धरून चालले होते. परातीवरच्या थापांचा आवाज आणि माझं वाचन एकमेकांत मिसळून चालायचं.

एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आमच्या चुलीत पऱ्हाट्या जळायच्या, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उरलेली कपाशीची वाळकी झाडं. माय दोन-चार बायांबरोबर जाऊन त्यांचे भारे डोक्यावरून आणायची आणि घरामागच्या भिंतीला उभे लावून ठेवायची. हात सोललेले असायचे, केसांत काड्या अडकलेल्या असायच्या. वर्षाचं जळण असं यायचं. त्यामुळे जळणाचं पाकीट आमच्याकडे कधीच नव्हतं आणि ते का नाही, हा प्रश्न घरात कुणाला पडला नाही. एवढ्या काटेकोर आबांनाही नाही.

बारावी झाल्यावर माझा डी.एड.ला नंबर लागला तो धुळ्याला. जळगावला लागला असता तर रोज जाऊन-येऊन केलं असतं, पण यादीत माझं नाव धुळ्याच्या विद्यालयात होतं, आणि तिथल्या वसतिगृहातल्या जागा मी पोचेपर्यंत भरलेल्या. शिष्यवृत्ती यायची ती वर्ष संपता संपता. तोपर्यंत खोली करून राहायचं, म्हणजे पैसा. त्या दिवसांत माझा पाय घरात ठरत नव्हता. उंबऱ्यावर बसलं की उठावंसं वाटे, उठलं की कुठे जावं कळत नसे. भोंग्याच्या त्या आवाजाचाही मला राग यायचा. सगळ्या वसाहतीने त्याच्या तालावर उठायचं, खायचं, झोपायचं. त्यात मला बघायला पाहुणे येऊ लागले होते. चहाचा ट्रे घेऊन मी दोनदा बाहेर गेले होते आणि तिसऱ्यांदा जायची माझी तयारी नव्हती.

आबा म्हणाले, "जाय. मी नाही म्हणत नाही. पण सव्वाशे-एकशे तीसच्या वर महिन्याला मह्याच्यानं होणार नाही. तेवढ्यात भागते का ते कागदावर दाखव. भागलं तं राह्य. नाही भागलं तं गुपचूप घरी ये, अन् मंग पाहुण्याईले नाही म्हनू नको."

तो कागद मी तीन दिवस लिहीत होते. पहिली बेरीज दोनशेच्या आसपास आली. मग मी खोडरबर घेऊन बसले. भाजी अर्धी केली. दूध काढून टाकलं. पाठांसाठी तक्ते आणि रंगीत कागद लागतात हे मला वरच्या वर्गातल्या मुलीने सांगितलं होतं, तिथे मी 'शालेय साहित्य, पाच रुपये' असं ठोकून दिलं. खोलीभाडं आणि महिन्यातून एकदा घरी यायचं एस.टी.चं भाडं यांना हात लावता येत नव्हता, पण बाकी प्रत्येक ओळीचा मी गळा आवळला आणि बेरीज बरोबर एकशे तीस आणली. खोटं लिहितेय हे मला पुरतं माहीत होतं. आबांनी कागद दोनदा वाचला, बोट वर केलं नाही, आणि घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला. मला इतका आनंद झाला की मी मागच्या दाराने बाहेर जाऊन पऱ्हाट्यांच्या भाऱ्यांआड एकटीच हसले.

धुळ्यात अक्कांच्या घरामागची पत्र्याची खोली मिळाली. अक्का म्हणजे घरमालकीण, साठीच्या घरातल्या, आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू जावा. आबांनी मला जळगावच्या बाजारातून जुना पितळी स्टोव्ह घेऊन दिला होता. त्याच्या पिना, वायसर, काकडा, सगळं त्यांनी घासाघीस करून घेतलं होतं. पहिल्या संध्याकाळी मी पीठ मळलं, स्टोव्ह मांडला, हवा मारायला लागले आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की टाकी कोरडी आहे. स्टोव्ह कशावर जळतो याचा विचार आबांनी केला नव्हता आणि मीही नाही. कागद काढून वरपासून खालपर्यंत वाचला. घासलेट कुठेच नव्हतं. आयुष्यभर मी जेवण पाहिलं होतं, ते शिजायला काही विकत घ्यावं लागतं हे पाहिलं नव्हतं.

पत्र लिहून ती चूक सांगता आली असती. आज कुणीही म्हणेल, त्यात काय एवढं? पण कागद चुकला म्हणजे घरी परत, आणि घरी चहाचा ट्रे. मी भाजीच्या पैशांतून घासलेट आणलं आणि गप्प बसले. दोन-तीन महिने तसे निभावले. मग सराव पाठ सुरू झाले. प्रत्येक पाठाला तक्ता हवा, तक्ता नाही तर पाठ नाही, पाठ नाही तर गुण नाहीत. पाच रुपयांत एका आठवड्याचे तक्तेही होत नव्हते. भाजी आधीच संपली होती, आता घासलेट संपलं. दिवाळीनंतर माझा स्टोव्ह बंद पडला तो जवळजवळ बंदच. संध्याकाळी आजूबाजूच्या खोल्यांतून स्टोव्हचा भरभर आवाज सुरू व्हायचा, फोडणीचा वास यायचा, कुणाकडे तरी शेवभाजी असायची, आणि मी दार लावून तक्त्यावर मोर रंगवत बसायचे. बसायचे म्हणते, पण बसवत नसे. रंग वाळेपर्यंत दहा वेळा उठून पाणी प्यायचे, खोलीत फेऱ्या मारायचे, नाही तर पैसे पुन्हा मोजायचे, जणू सकाळपासून ते वाढणार होते. भूक म्हणजे गळून पडून राहणं असं लोकांना वाटतं. मला तरी भुकेने कधी स्वस्थ पडू दिलं नाही.

माझ्याकडे दोन वह्या होत्या. एक कच्ची, तळहाताएवढी, तिच्यात खरं लिहायचे. 'सोमवार, केळी दोन. मंगळवार, केळी दोन, फुटाणे. बुधवार, कार्डशीट, केळी नाहीत.' दुसरी पक्की, आबांसाठी. महिन्याच्या शेवटी घरी जाताना जळगावच्या स्टँडवर वरणगावची गाडी मिळेपर्यंत तासभर वेळ असायचा. तिथल्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन मी पक्की वही भरायचे. तक्त्यांचे पैसे भाजीत घालायचे. वांगी, मेथी, गंगाफळ, गवार. रोज वेगळी भाजी हवी म्हणून डोकं खाजवायचे. समोरच्या गाड्यावर वडे तळत असायचे आणि मी न खाल्लेल्या भाज्यांच्या किमती ठरवत असायचे. केळीच्या मुलखात जन्मले, पण तेव्हापासून केळं मला नको वाटतं. सत्यनारायणाच्या प्रसादाचं ताट कुणी शेजारी आणून दिलं तरी मी केळं बाजूला काढून ठेवते, आणि लोक उगीच त्याचा धर्माशी संबंध जोडतात.

अक्कांपासून काही लपवता यायचं नाही. एके दिवशी सकाळी मी विद्यालयात निघाले तर त्या दारातच उभ्या.

"पोरी, आठ दिन व्हयनात, तुन्हा स्टोना आवाज नही. खास काय तू?"

"मेसमध्ये जेवते अक्का."

"मेसवाला काय तुना मामा शे? फुकट खावाडस का?" त्यांनी माझ्या मनगटाला धरून हात उलटापालटा केला. "माले बठ्ठं समजस. चाल, आते बस."

त्यांनी मला ओट्यावर बसवून कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाची भाकरी आणि उडदाचं घट्ट वरण वाढलं. मी खाल्लं, पण नंतर आठवडाभर त्यांच्या दारावरून जायची मला लाज वाटायची, म्हणून मागच्या बोळातून जायचे. तारुण्यातला मानीपणा किती बावळट असतो!

महिन्याच्या महिन्याला घरी वाचन व्हायचं. आबा डोळे मिटून ऐकायचे, बोट एकदाही वर व्हायचं नाही. पलीकडे थापा चालूच. निघताना माय पिशवी भरून द्यायची. दिवाळीच्या आधी त्या पिशवीत बाजरीचं पीठ, डाळी, तांदूळ असायचे. दिवाळीनंतर त्यात वाळवलेल्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा, फुटाणे आणि मेथीचे लाडू यायला लागले. मला वाटलं, थंडीचे दिवस आहेत म्हणून देते. इतकी शिकणारी मुलगी मी, पण एवढं साधं कोडं मला सुटलं नाही.

आता जे सांगायचं ते उन्हाळ्याच्या सुट्टीतलं. आमच्या मागच्या गल्लीत काशिनाथभाऊ राहायचे, केळीच्या गाड्या भरायचं काम करायचे. गाडी लागली तर पैसे, नाही लागली तर नाही. त्यांची सुनंदा माझ्याहून वर्षाने लहान. आम्ही एका वाटीतलं खाल्लेल्या. तिलाही बारावीला चांगले मार्क पडले होते आणि डी.एड.चा अर्ज भरायचा होता. पगाराच्या दिवशी, पाकिटं आवरल्यावर, आबांनीच त्या दोघांना बोलावून घेतलं. सतरंजीवर माझा तो कागद आणि वर्षभराची पक्की वही मांडली. आबांचा चेहरा मी तसा फुललेला कधी पाहिला नव्हता.

"हे पाय काशिनाथ. एकशे तीस. वर्षभर पोरगी एवढ्यात राह्यली. एक पैसा इकडचा तिकडं नाही. मी तुह्यासाठी नक्कल करून ठेवली."

काशिनाथभाऊंनी ती नक्कल दोन्ही हातांनी घेतली. वाचता येत असूनही त्यांनी ती सुनंदाकडून वाचून घेतली, एकेक ओळ. मग बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत बसले. "होतीन," ते शेवटी म्हणाले. "ओढूनताणून होतीन. एकशे तीस होतीन." सुनंदा माझ्याकडे बघून हसली. ती हसली की तिचे दोन्ही डोळे बारीक व्हायचे.

मी चहाचे कप घेऊन उभी होते. ती बारीक चणीची मुलगी त्या पत्र्याच्या खोलीत, मुका स्टोव्ह पुढ्यात घेऊन बसलेली मला दिसली. कप खाली ठेवले आणि म्हटलं, "आबा, तो कागद खोटा आहे."

मग आत जाऊन कच्ची वही आणली आणि नेहमीसारखी मोठ्याने वाचली. केळी दोन, फुटाणे, केळी नाहीत. आबांचे डोळे उघडे होते आणि ते माझ्याकडे नाही, माझ्या गळ्याच्या हाडांकडे बघत होते. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मेथी, गवार, गंगाफळ?"

"जळगावच्या स्टँडवर बसून लिहिलं."

"अन् इतक्या महिन्यात मले कळलं नाही," आबा म्हणाले. वजनाच्या खात्यातला माणूस तो. त्यांचा आवाज ऐकून मला रडू फुटलं.

तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की पलीकडच्या थापा थांबल्या आहेत. माय पिठाच्या हातांनी उठून आली होती. "मले दिवाळीपासून ठाऊक आहे," ती म्हणाली. "दर महिन्याले वाचे, पण घासलेट कधी वाचलं का तिनं? पोरगी रांधते कायच्यावर? तिथं काय पऱ्हाट्या आहेत?"

"मंग बोलली काहून नाही?" आबा ओरडले. आमच्या घरात ओरडणं असं कधी नव्हतं.

"बोलली असती तं तुम्ही तिले परत आणलं असतं."

एवढं बोलून ती पुन्हा चुलीपाशी जाऊन बसली. मी आईपणाबद्दल वर्गात पुष्कळ धडे शिकवले, पण माझ्या आईने सहा महिने जे केलं ते कुठल्याच धड्यात बसत नाही. माझी भूक तिला दर महिन्याला दिसत होती आणि तिने ती चालू दिली, सुकी भाकरी पाठवत राहिली, कारण दुसऱ्या बाजूला काय आहे ते तिला माझ्याहून जास्त माहीत होतं. त्या वेळी मात्र मला तिचा राग आला. पोटची पोर उपाशी आहे हे ठाऊक असून गप्प कशी बसली, असं वाटलं.

आबांनी कोरा कागद घेतला. या वेळी त्यांनी स्वतः लिहिलं आणि पहिली ओळ घासलेटाची घातली. मग तक्ते, दूध, भाजी. मी खऱ्या किमती सांगत गेले. बेरीज एकशे नव्वदच्या वर गेली. आम्ही दोघींनी एक खोली, एक स्टोव्ह केला तर किती, तेही मांडलं. तरी प्रत्येकी एकशे सत्तर. आणि माझं एक वर्ष उरलेलं, मी गेल्यावर तिला एकटीलाच सगळं. आबा म्हणाले, थोडा भार मी उचलतो. काशिनाथभाऊंनी मान हलवली. उसन्यावर पोरगी शिकवणाऱ्यातले ते नव्हते. त्यांनी जुनी नक्कल आणि नवा कागद शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहिलं. "पुढच्या सालाले पाहू," म्हणाले आणि उठले. चहा तसाच राहिला. सुनंदाने जाताना माझ्याकडे बघितलं नाही.

पुढच्या साली पाहण्यासारखं काही उरलं नाही. काशिनाथभाऊंनी तिचं लग्न करून टाकलं, नरडाण्याकडे दिली. मी तेव्हा धुळ्यात होते, पोट भरलेली. आबांनी 'आबा' लिहिलेलं पाकीट बंद केलं, पाहुण्यांचं अर्धं केलं आणि मला महिन्याला एकशे ऐंशी द्यायला लागले. माझा स्टोव्ह रोज संध्याकाळी भरभरायचा आणि अक्का भिंतीपलीकडून ओरडायच्या, "हाँ, आते कसा बोली ऱ्हायना!" मी मास्तरीण झाले, जळगावला घर केलं. खर्च लिहायची सवय सुटली नाही. भाची मध्यंतरी मोबाइलवर काहीतरी घालून देत होती. त्यात खर्च टाकला की रंगीत गोल येतो, कुठे किती गेलं ते दाखवतो, आणि जे कुठेच बसत नाही ते आपोआप 'इतर' मध्ये जातं. मला ते 'इतर' बघवेना. मी वहीच ठेवली.

सुनंदा मला भेटली ती परवाच्या उन्हाळ्यात, जळगावातच, एका लग्नाच्या हॉलवर. डोक्यावर पदर, कानशिलाला पांढरे केस, पण हसली तेव्हा डोळे तेच बारीक. तिने शेतात मजुरी केली, दोन्ही मुली शिकवल्या, धाकटी दवाखान्यात नर्स आहे. सगळं भरभर सांगितलं. मग मीच तो दिवस काढला. इतकी वर्षं माझ्या जिवाला लागलेलं होतं ते बोलून मोकळं व्हायचं होतं, आणि खरं सांगायचं तर तिने मला बरं म्हणावं असंही वाटत होतं.

"मी त्या दिवशी खरं बोलले ते तुझ्यासाठी गं," मी म्हटलं. "तुझे तिथे माझ्यासारखे हाल होऊ नयेत म्हणून."

तिने हातातली पिशवी खांद्याला अडकवली. चेहऱ्यावर राग नव्हता. "मले इचारलं होतं का तू?" ती म्हणाली. "उपाशी तं मी घरीबी होती, शोभा. तिथं उपाशी राह्यली असती तं मास्तरीण झाली असती."

आत पंगत मांडली होती, भरताचा वास येत होता, नावं घेऊन बोलावणं चाललं होतं. मी तशीच उभी राहिलेली पाहून सुनंदाने माझं मनगट धरलं, अगदी अक्कांनी धरलं होतं तसं, आणि म्हणाली, "चाल. जेवून घे."